अपस्मारावरील उपचार

अपस्मारावरील उपचार म्हणजे अपस्मार (फेफरे, मिरगी, फीट किंवा आकडी) या मेंदूच्या विकारात वारंवार येणारे झटके थांबवणे किंवा कमी करणे, औषधांचे दुष्परिणाम टाळणे आणि रुग्णाला शिक्षण, नोकरी व कौटुंबिक जीवन सुरळीतपणे जगता येईल अशी स्थिती निर्माण करणे. या उपचारांत झटकारोधक औषधे, मेंदूवरील शस्त्रक्रिया, विद्युत उत्तेजक उपकरणे आणि विशिष्ट आहार यांचा समावेश होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी जवळपास ८०% लोक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व औषधोपचार मिळाल्यास सुमारे ७०% रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. मात्र अल्प उत्पन्नाच्या देशांतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना आवश्यक उपचार मिळत नाहीत. या तफावतीस ‘उपचार-दरी’ असे म्हटले जाते.

व्याख्या

मेंदूतील चेतापेशींच्या समूहातून अचानक, अतिरिक्त व एकाच वेळी विद्युतस्राव झाल्यास झटका येतो. एक झटका म्हणजे अपस्मार नव्हे. तीव्र ताप, रक्तातील साखर किंवा सोडियम घटणे, मद्यपान अचानक बंद करणे अशा तात्कालिक कारणांनीही झटका येऊ शकतो. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१४ साली केलेल्या व्याख्येनुसार पुढीलपैकी कोणतीही एक स्थिती असल्यास अपस्माराचे निदान करता येते:

- तात्कालिक कारणाशिवाय आलेले किमान दोन झटके, ज्यांमध्ये २४ तासांहून अधिक अंतर आहे;
- असा एकच झटका, परंतु पुढील दहा वर्षांत तो पुन्हा येण्याची शक्यता किमान ६०%;
- अपस्माराच्या एखाद्या ज्ञात लक्षणसमूहाचे निदान.

याच व्याख्येनुसार रुग्णाला सलग दहा वर्षे झटका आला नसेल आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे तो औषधांविना असेल, तर अपस्मार निवळला असे मानले जाते. विशिष्ट वयापुरताच असणारा अपस्मार ते वय उलटल्यावर निवळल्याचे मानतात.

इतिहास

‘अपस्मार’ हा शब्द स्मृतीचा लोप सूचित करतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात या रोगावर स्वतंत्र अध्याय असून दोषांनुसार त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका ग्रंथात, इ.स.पू. ४००च्या सुमारास, हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नसून त्याचे मूळ मेंदूत आहे असे प्रतिपादन केले गेले. तरीही पुढील अनेक शतके भूतबाधा व दैवी कोप यांच्याशी त्याचा संबंध जोडला जात राहिला.

परिणामकारक औषधांचा इतिहास १८५७ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी चार्ल्स लोकॉक या इंग्लिश डॉक्टरांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग नोंदवला. १९१२ मध्ये जर्मनीतील आल्फ्रेड हाउप्टमान यांनी झोपेसाठी वापरले जाणारे फेनोबार्बिटोन हे औषध झटकेही कमी करते असे दाखवले. हे औषध स्वस्त असल्याने आजही अनेक देशांत वापरात आहे. हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत हालचालींचा पहिला आलेख घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यामुळे अपस्माराच्या निदानाला प्रथमच मोजता येण्याजोगा आधार मिळाला.

१९३८ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन मेरिट व ट्रेसी पटनम यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून फेनिटॉइनचा गुणधर्म सिद्ध केला. झटके थांबवण्यासाठी गुंगी आणणे आवश्यक नाही, हे या औषधाने स्पष्ट झाले. कार्बामाझेपिनचा शोध १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये लागला. व्हॅल्प्रोइक आम्लाचा शोध काहीसा योगायोगाने लागला. फ्रान्समध्ये १९६०च्या दशकाच्या आरंभी ते इतर पदार्थ विरघळवण्यासाठी वापरले जात असताना, द्रावक म्हणून वापरलेले हे आम्लच झटके रोखत असल्याचे लक्षात आले. १९९०नंतर लॅमोट्रिजिन, टोपिरामेट, लेव्हेटिरासेटम, ऑक्सकार्बाझेपिन आदी औषधांची नवी पिढी उपलब्ध झाली.

निदान व उपचारपूर्व तपासणी

उपचारांची निवड झटक्याच्या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे अचूक वर्णन हा निदानाचा पाया आहे. झटक्याच्या वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर नसतो, म्हणून प्रत्यक्षदर्शीची माहिती महत्त्वाची ठरते. नातेवाइकांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरणही आता निदानास साहाय्यभूत ठरते. २०१७च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार झटक्यांचे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारे (केंद्रीय), दोन्ही गोलार्धांतून एकाच वेळी सुरू होणारे (सार्वत्रिक) आणि आरंभ अज्ञात असलेले असे तीन गट पडतात. हातपाय ताठ होऊन शरीर झटकणे हा सर्वपरिचित प्रकार आहे. मात्र काही क्षण एकटक पाहणे, निरर्थक चघळणे किंवा कपडे चाचपणे, सकाळी हातातील वस्तू उडून पडणे हेही झटकेच असू शकतात. असे झटके वर्षानुवर्षे ओळखले जात नाहीत.

मेंदूच्या विद्युत आलेखामुळे (ईईजी) झटक्याचा प्रकार ठरवण्यास मदत होते. तथापि दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला आलेख सामान्य असू शकतो, त्यामुळे केवळ त्यावरून अपस्मार नाही असे म्हणता येत नाही. एमआरआय तपासणीत जन्मजात रचनादोष, जुनी इजा, गाठ किंवा हिप्पोकॅम्पसचे काठिण्य दिसू शकते. मूर्च्छा येणे व मानसिक कारणांनी येणारे अपस्मारसदृश झटके यांची गल्लत टाळण्यासाठी काही वेळा रुग्णालयात अनेक दिवस चित्रीकरणासह ईईजी घेतला जातो. बालवयात सुरू झालेल्या तीव्र अपस्मारात जनुकीय तपासणीचे महत्त्व वाढले आहे.

भारतात मेंदूतील पट्टकृमीच्या अळ्या (न्यूरोसिस्टिसर्कोसिस) हे अपस्माराचे एक महत्त्वाचे व टाळता येण्याजोगे कारण आहे. पट्टकृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हात यांद्वारे पोटात जातात. त्यामुळे शाकाहारी व्यक्तींनाही हा विकार होतो. त्यावर झटकारोधक औषधांसह आवश्यकतेनुसार अल्बेंडाझोल व स्टेरॉइड दिले जातात.

औषधोपचार

औषधांची निवड

उपलब्ध औषधे प्रामुख्याने झटके दाबून ठेवतात. अपस्माराची मूळ प्रक्रिया ती थांबवतात असे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच ‘अपस्माररोधक’ऐवजी ‘झटकारोधक औषधे’ ही संज्ञा आता अधिक योग्य मानली जाते. सोडियम वाहिन्या रोखणे, गाबा या शामक चेतासंदेशकाचा प्रभाव वाढवणे, कॅल्शियम वाहिन्यांवर परिणाम करणे आणि चेतासंदेशक बाहेर पडण्याच्या क्रियेत बदल घडवणे हे त्यांच्या कार्याचे प्रमुख मार्ग आहेत.

उपचारांची सुरुवात सामान्यतः एकाच औषधाच्या अल्प मात्रेने होते व मात्रा हळूहळू वाढवली जाते. केंद्रीय झटक्यांसाठी लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटम, कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन वापरतात. ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सानाद-२’ या मोठ्या चाचणीत केंद्रीय अपस्मारासाठी लॅमोट्रिजिन, तर सार्वत्रिक अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट अधिक उपयुक्त ठरले. मुलांमधील एकटक पाहण्याच्या झटक्यांसाठी इथोसक्सिमाइड प्रथम पसंतीचे मानले जाते. चुकीच्या निवडीने अपाय होऊ शकतो. कार्बामाझेपिन व फेनिटॉइन यांमुळे काही सार्वत्रिक अपस्मारांत झटके वाढतात.

पहिल्या औषधास मिळणारा प्रतिसाद पुढील वाटचालीचा महत्त्वाचा निदर्शक आहे. पॅट्रिक क्वान व मार्टिन ब्रॉडी यांनी ग्लासगो येथील रुग्णांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वी उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७% रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले. दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४% आणि दोन औषधांच्या एकत्रित वापराने केवळ ३% रुग्ण झटकामुक्त झाले. योग्य निवडलेली व सहन होणारी दोन औषधे पुरेशा प्रमाणात देऊनही झटके थांबले नाहीत, तर त्या स्थितीस ‘औषधदाद न देणारा अपस्मार’ म्हणतात. अशा रुग्णास केवळ औषधे बदलत राहण्याऐवजी विशेष केंद्राकडे पाठवणे अपेक्षित असते.

नवी औषधे

लॅकोसामाइड, पेरॅम्पॅनेल व ब्रिव्हारासेटम ही औषधे २००८ ते २०१६ या काळात प्रचारात आली. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या सेनोबामेटच्या चाचणीत, सर्वाधिक मात्रा घेणाऱ्या गटातील २१% रुग्ण चाचणीच्या स्थिर मात्रेच्या टप्प्यात पूर्णपणे झटकामुक्त राहिले. औषधदाद न देणाऱ्या रुग्णांत हे प्रमाण लक्षणीय आहे. गंभीर अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी त्याची मात्रा अतिशय सावकाश वाढवावी लागते.

ड्राव्हे व लेनॉक्स-गॅस्टो या बालवयातील तीव्र लक्षणसमूहांसाठी शुद्ध कॅनॅबिडिऑलला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. हा घटक गांजाच्या वनस्पतीतून मिळत असला तरी तो नशा आणत नाही. बाजारातील गांजाजन्य पदार्थांशी या प्रमाणित औषधाची तुलना करता येत नाही. वजन घटवण्यासाठी पूर्वी वापरले जाणारे फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांवरील दुष्परिणामांमुळे १९९७ मध्ये अमेरिकी बाजारातून मागे घेण्यात आले होते. तेच औषध अल्प मात्रेत व हृदयाच्या नियमित तपासणीसह २०२० पासून ड्राव्हे लक्षणसमूहासाठी दिले जाते.

कारणानुसार उपचार

ड्राव्हे लक्षणसमूहाचे कारण बहुतांश रुग्णांत एससीएन१ए या जनुकातील बदल हे असल्याचे २००१ मध्ये आढळले. हे निदान झाल्यास सोडियम वाहिन्या रोखणारी औषधे टाळली जातात. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये एव्हरोलिमस, पायरिडॉक्सिन-अवलंबी अपस्मारात ‘ब-६’ जीवनसत्त्व आणि मेंदूस ग्लुकोज पोहोचवणाऱ्या ग्लूट-१ या प्रथिनाच्या अभावी कीटोजनिक आहार हे कारणाला थेट भिडणारे उपचार आहेत. सदोष जनुकाचा परिणाम सुधारणाऱ्या औषधांच्या मानवी चाचण्याही सुरू आहेत.

दुष्परिणाम व दक्षता

झोप येणे, चक्कर व तोल जाणे हे अनेक औषधांचे समान दुष्परिणाम आहेत. लेव्हेटिरासेटममुळे चिडचिड व नैराश्य येऊ शकते. फेनिटॉइनमुळे हिरड्या वाढतात, तर व्हॅल्प्रोएटमुळे वजनवाढ व क्वचित यकृतविकार होतो. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आल्यास तातडीने वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो, कारण ती स्टीव्हन्स-जॉन्सन या जीवघेण्या प्रतिक्रियेची सुरुवात असू शकते. आशियाई वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एचएलए-बी*१५०२ या जनुकरूपामुळे कार्बामाझेपिनने असा धोका वाढतो.

क्षयरोगावरील आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांची रक्तातील पातळी वाढू शकते. भारतात दोन्ही उपचार एकाच वेळी सुरू असणे शक्य असल्याने हा संबंध महत्त्वाचा आहे. औषध अचानक बंद केल्यास किंवा मात्रा चुकल्यास तीव्र झटके येण्याचा धोका असतो. किमान दोन वर्षे झटका न आल्यास औषध बंद करण्याचा विचार करता येतो. हा निर्णय अपस्माराचा प्रकार, तपासण्यांचे निष्कर्ष व रुग्णाचा व्यवसाय पाहून घेतला जातो आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली जाते.

स्त्रिया व गर्भधारणा

अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची गर्भधारणा व प्रसूती सुरळीत होते. तथापि गर्भधारणेत व्हॅल्प्रोएट घेतल्यास सुमारे १०% बालकांत जन्मजात व्यंग आणि ३० ते ४०% बालकांत बौद्धिक वा वर्तनविषयक विकासाच्या समस्या आढळतात. त्यामुळे युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये मुली व प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी या औषधाच्या वापरावर कडक निर्बंध घातले. लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासेटम तुलनेने सुरक्षित मानले जातात. गर्भारपणात लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी घटत असल्याने मात्रा वाढवावी लागू शकते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. औषधबदल गर्भधारणेपूर्वीच करणे व फॉलिक आम्ल सुरू करणे इष्ट असते. गर्भ राहिल्याचे कळताच भीतीपोटी औषध स्वतःहून बंद करणे आई व बाळ दोघांसाठीही धोकादायक आहे. बहुतेक औषधे सुरू असताना स्तनपान देता येते.

शस्त्रक्रिया

झटक्यांचा उगम मेंदूच्या एका मर्यादित भागात असल्यास व तो भाग काढून टाकल्याने वाचा, हालचाल किंवा स्मृती यांची मोठी हानी होणार नसल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. आधुनिक अपस्मार-शस्त्रक्रियेची सुरुवात व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८६ मध्ये लंडन येथे केली. वाइल्डर पेनफिल्ड यांनी माँट्रिऑल येथे रुग्ण जागा असताना मेंदूला विद्युत उत्तेजन देऊन महत्त्वाचे भाग ओळखण्याची पद्धत विकसित केली. भारतात १९५०च्या दशकाच्या आरंभी वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जेकब चँडी यांनी अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९०च्या दशकात सर्वंकष अपस्मार केंद्र उभारून मर्यादित खर्चात मोठ्या प्रमाणावर शस्त्रक्रिया शक्य असल्याचे दाखवले.

मेंदूच्या कानशिलाकडील भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून, उद्भवणाऱ्या अपस्माराबाबत सॅम्युएल विबे व सहकाऱ्यांनी कॅनडात ८० रुग्णांवर चाचणी केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एका वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ५८%, तर केवळ औषधे घेणाऱ्या गटातील ८% रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत औषधदाद न देणारा अपस्मार असलेल्या ११६ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०१७) हेच प्रमाण अनुक्रमे ७७% व ७% आढळले. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या ५७ मुलांपैकी १९ मुलांत गंभीर दुष्परिणाम नोंदवले गेले. त्यांत एका बाजूचा अशक्तपणा प्रमुख होता आणि काही शस्त्रक्रियांच्या स्वरूपामुळे तो अपेक्षितही होता. लाभ व हानी यांचा हा ताळा कुटुंबाला आधीच समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

एमआरआयमध्ये दोष स्पष्ट न दिसल्यास पेट तपासणी किंवा कवटीतील सूक्ष्म छिद्रांतून मेंदूत विद्युताग्रे बसवण्याची स्टिरिओ-ईईजी पद्धत वापरतात. काही केंद्रांत कवटी न उघडता लेसरच्या उष्णतेने सदोष भाग नष्ट केला जातो. सिद्ध परिणामकारकता असूनही अनेक रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत झटके सुरू झाल्यानंतर कित्येक वर्षांनी पोहोचतात, आणि तोपर्यंत शिक्षण व रोजगाराची संधी हुकलेली असते.

विद्युत उत्तेजक उपकरणे

शस्त्रक्रिया शक्य नसल्यास उत्तेजक उपकरणांचा पर्याय असतो. व्हेगस चेतातंतूच्या उत्तेजनात छातीच्या त्वचेखाली बसवलेले उपकरण मानेतील डाव्या व्हेगस चेतातंतूला ठरावीक अंतराने स्पंद देते. अमेरिकेत त्यास १९९७ मध्ये मान्यता मिळाली. झटका सुरू होण्याची चिन्हे ओळखून जागीच उत्तेजन देणाऱ्या प्रतिसादी उपकरणास २०१३ मध्ये, तर थॅलॅमसच्या खोल उत्तेजनास २०१८ मध्ये मान्यता देण्यात आली. या उपकरणांमुळे अनेकांचे झटके कमी होतात, परंतु ते पूर्ण थांबण्याचे प्रमाण अल्प आहे. औषधे बहुधा सुरूच ठेवावी लागतात. उपकरणाची मोठी किंमत ही भारतातील प्रमुख अडचण आहे.

आहारोपचार

उपवासाने झटके कमी होतात हे निरीक्षण प्राचीन आहे. त्याच्या आधारे अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये कीटोजनिक आहार सुचवला. यात स्निग्ध पदार्थ अधिक व पिष्टमय पदार्थ अत्यल्प असल्याने शरीर ऊर्जेसाठी कीटोन वापरते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तीन महिन्यांनंतर हा आहार घेणाऱ्या ३८% मुलांचे झटके निम्म्याहून अधिक कमी झाले. आहार न घेणाऱ्या गटात हे प्रमाण ६% होते. बद्धकोष्ठता, मूतखडा व वाढ खुंटणे असे दुष्परिणाम संभवत असल्याने हा आहार आहारतज्ज्ञ व डॉक्टर यांच्या देखरेखीखालीच घेतला जातो. भात, पोळी, भाकरी व साखर यांवर मर्यादा येत असल्याने भारतीय घरांत तो पाळणे कठीण जाते. त्यामुळे तुलनेने सैल असा सुधारित अ‍ॅटकिन्स आहारही वापरला जातो.

प्रथमोपचार व तातडीचे उपचार

बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. या काळात पुढील गोष्टी करणे अपेक्षित असते:

- रुग्णाजवळील टोकदार व गरम वस्तू दूर करणे आणि डोक्याखाली मऊ कापड ठेवणे;
- गळ्याभोवतीचे कपडे सैल करणे व शक्य होताच रुग्णाला कुशीवर वळवणे;
- झटका सुरू झाल्याची वेळ पाहणे;
- पूर्ण शुद्ध येईपर्यंत रुग्णासोबत थांबणे.

तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये आणि हातपाय जबरदस्तीने दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा महाराष्ट्रात आढळते. तिचा काहीही उपयोग नसून तिने मौल्यवान वेळ जातो व रुग्णाचा अवमान होतो.

झटका पाच मिनिटांहून अधिक काळ टिकल्यास किंवा मध्ये शुद्ध न येता पुन्हा झटका आल्यास ती आणीबाणीची स्थिती (स्टेटस एपिलेप्टिकस) मानून रुग्णालय गाठावे लागते. घरी वापरता येणारा मिडाझोलमचा नाकात मारण्याचा फवारा भारतातही उपलब्ध आहे. रुग्णालयात प्रथम लोराझेपॅम किंवा मिडाझोलम देतात. त्याने झटका न थांबल्यास लेव्हेटिरासेटम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट शिरेतून दिले जाते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही तिन्ही औषधे जवळपास समान, म्हणजे सुमारे निम्म्या रुग्णांत, परिणामकारक ठरली.

आकस्मिक मृत्यूचा धोका

अपस्मार असलेल्या दर १,००० प्रौढांमागे वर्षाला सुमारे एकाचा मृत्यू अन्य स्पष्ट कारणाविना अचानक होतो. असा मृत्यू बहुधा झोपेत होतो. अनियंत्रित, संपूर्ण शरीराचे झटके हा त्याचा सर्वांत मोठा धोकाघटक आहे. त्यामुळे असे झटके शक्य तितके थांबवणे व औषधाची मात्रा न चुकवणे हाच आज ज्ञात असलेला प्रमुख प्रतिबंध आहे. याशिवाय बुडणे, भाजणे व पडणे यांमुळेही रुग्ण दगावतात. झटके नियंत्रणात येईपर्यंत एकट्याने पोहणे, विहिरीवर पाणी काढणे, उघड्या चुलीजवळ बसणे व उंचावर काम करणे टाळण्याचा सल्ला दिला जातो.

भारतातील स्थिती व सामाजिक पैलू

भारतात सुमारे १ कोटी लोकांना अपस्मार असल्याचे मानले जाते. मेंदूविकारतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्याने ग्रामीण रुग्णांना प्रवास, बुडणारी मजुरी व औषधांची अनियमित उपलब्धता यांचा सामना करावा लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रशिक्षित डॉक्टर फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा व्हॅल्प्रोएट यांच्या साहाय्याने बहुसंख्य रुग्णांवर उपचार करू शकतात. ही औषधे व लेव्हेटिरासेटम राष्ट्रीय आवश्यक औषध सूचीत समाविष्ट आहेत.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ व विशेष विवाह अधिनियम, १९५४ यांत अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक मानले होते. १९९९च्या दुरुस्तीने हा उल्लेख वगळण्यात आला. तरीही विवाह जुळवताना आजार लपवण्याची प्रथा कायम आहे. तिचा थेट परिणाम उपचारांवर होतो, कारण सासरी औषधे लपून घ्यावी लागल्यास मात्रा चुकतात व झटके पुन्हा सुरू होतात. वाहन परवान्यासाठीच्या स्वघोषणापत्रात अपस्माराविषयी विचारणा केली जाते. मुंबई व पुणे येथे रुग्ण व कुटुंबीय यांचे स्वमदत गट कार्यरत आहेत. भारतात १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो.

जागतिक आरोग्य सभेने मे २०२२ मध्ये अपस्मार व इतर चेताविकारांसाठी २०२२–२०३१ या काळाचा जागतिक कृती आराखडा स्वीकारला. त्यातील उद्दिष्टानुसार २०३१ पर्यंत अपस्मार असलेल्या ९०% लोकांना हा आजार उपचारयोग्य असल्याचे माहीत असावे, ८०% लोकांना परवडणारी व सुरक्षित औषधे मिळावीत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७०% लोकांचे झटके पुरेसे नियंत्रणात असावेत.